दुसरं पिल्लू आणायची घाई करू नकोस

अगं, सकाळी तू दळणाचा डबा कडेवर घेऊन दारात थांबलीस आणि खाली बघत विचारलंस, “ताई, आत्याच्या वस्तीवर मांजराची तीन पिल्लं आहेत, त्यातलं एक घेऊन येऊ का?” मी नुसतं “नको, थांब” म्हणाले आणि तुझा चेहरा पडला. घरात पाहुणे होते, दारात उभ्याउभ्या बोलण्यासारखं ते नव्हतं. आता निवांत आहे. बस अशी इथं.

आधी ती गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण चार दिवस तुझ्या डोळ्यांत दिसतेय. म्हशीचं दूध पाजलंस म्हणून तुझी मनी गेली नाही.

दुधाने मांजराचं पोट बिघडतं हे खरं. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरांत कमी होत जाते, मग वाटीभर दूध प्यालं की हगवण लागते. आपल्या नेवाशात डेअरीला घालून उरलेलं दूध मांजरापुढे ठेवायची रीतच आहे, म्हणून जुलाब लागले की पहिला आळ दुधावर. पण दुधाने पोट बिघडलेलं पिल्लू खेळत असतं. दूध बंद केलं की दोन दिवसांत ताळ्यावर येतं. मनी खेळत नव्हती. ती पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसली होती, आठवतं? तोंड पाण्यापाशी, पण पीत नव्हती. मी ते पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण अशी बसलेली पिल्लं मी आधी पाहिली होती.

डॉक्टरांनी शीचा नमुना पट्टीवर घेतला आणि दोन रेघा उमटल्या. ती पट्टी कुत्र्याच्या पार्वो विषाणूसाठी बनवलेली असते, पण मांजराचा विषाणूही तिच्यावर कळतो, इतके हे दोघं जवळचे. मांजराच्या आजाराचं पुस्तकातलं नाव पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्या प्रकारच्या घटणं. बोलताना डॉक्टर ‘मांजराचा पार्वो’च म्हणतात. खरं तर मांजरातला आजार जुना आणि कुत्र्यातला नवा. कुत्र्याचा पार्वो १९७८ च्या सुमारास एकाएकी जगभर पसरला, आणि तो मांजराच्या किंवा तशाच जवळच्या विषाणूतून निघाला असं शास्त्रज्ञ मानतात. आता त्याचे पुढचे अवतार उलटून मांजरालाही लागतात. तेव्हा गल्लीत कुत्र्याचं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलं असं ऐकलंस, तर मांजरवाल्या घरानेही सावध व्हायचं.

हा विषाणू आतड्यात का घुसतो, तेही समजून घे. त्याला वाढायला भराभर दुप्पट होणाऱ्या पेशी लागतात. पिल्लाच्या अंगात अशा पेशी आतड्याच्या अस्तरात असतात आणि हाडातल्या मज्जेत, जिथे रक्त तयार होतं. आतड्याचं अस्तर रोज झिजतं आणि खालून नवं येतं. ते नवं आणणाऱ्या पेशीच मेल्या की आतडं आतून सोलल्यासारखं होतं. पोटात गेलेलं पाणी अंगाला लागत नाही, उलट अंगातलं बाहेर जातं. सोललेल्या जागेतून पोटातले जंतू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात. मनीला अँटिबायोटिक दिलं ते या जंतूंसाठी. त्या विषाणूला थेट मारणारं औषध दवाखान्यात मिळत नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, ऊब, थोडं थोडं अन्न, एवढंच हातात असतं आणि ते सगळं झालं होतं. लस न झालेल्या पिल्लांतली बरीचशी दगावतात. आजारात पहिले पाचेक दिवस तगलेलं पिल्लू बहुधा वाचतं. मनी तीन दिवस लढली.

आता माझं सांगते. घरात कोणाशी मी हे फारसं बोललेले नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चिंगी नावाची मांजरी आमच्या माळ्यावर व्याली. चार पिल्लं. अडीच महिन्यांची झाली तेव्हा एक सुस्त पडलं, पिवळा फेस ओकलं, दुसऱ्या दिवशी हगवण. सगळे म्हणाले, कोणीतरी उंदराचं औषध घातलं असणार. मीही तेच धरून चालले. नऊ दिवसांत चारही गेली. घर इतकं सुनं झालं की मी दहाव्या दिवशी मैत्रिणीकडून एक करडं पिल्लू आणलं. टोपली तीच, तिच्यातलं गोणपाट तेच. मी ते उन्हात झटकून घातलं होतं आणि मला वाटलं, झालं स्वच्छ. सहाव्या दिवशी ते पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं.

त्याला विष कोणी घातलं नव्हतं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा दिवस जातात, बहुतेक वेळा चार-पाच. ते पिल्लू मी त्या टोपलीत ठेवलं त्याच दिवशी त्याच्या पोटात आजार गेला होता. ही गोष्ट मला कैक वर्षांनी कळली. चार पिल्लांचं दुःख मागे पडलं, पाचव्याचं अजून जात नाही, कारण ते मी माझ्या हाताने आणलं होतं. म्हणून सकाळी तुला “थांब” म्हणाले.

हा विषाणू फार चिवट आहे. थंड, सावलीच्या जागी तो वर्षभर जगतो. ऊन, साबण, फिनेल, सॅनिटायझर यांनी तो भरवशाने मरत नाही. मांजराने घरात पाऊल टाकलं नाही तरी चपलेच्या तळव्याला, लुगड्याच्या काठाला, हातातल्या पिशवीला लागून तो येतो. आपल्या नेवाशाच्या मातीची तर सवयच आहे धरून ठेवायची. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५४ पासून प्रवरेकाठच्या टेकाडात खोदलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी सापडल्या, आणि त्या जमिनींखाली रांजणांत ठेवलेली लहान मुलं. शाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, त्या आयांना लेकरू घरातच असावंसं वाटलं असेल. तूही मनीला अंगणात पुरलंस. खोल पुरलंस ना? हातभर तरी पाहिजे, आणि वर दगड. नाहीतर बोका किंवा कुत्रं उकरेल.

घर कसं साफ करायचं ते ऐक. तिची टोपली, गोणपाट, जुनी ओढणी, सगळं जाळून टाक. जीव तुटेल, पण ठेवू नकोस. चुलीच्या राखेचा जो ढीग ती वापरायची, तो पिशवीत बांधून टाकून दे. फरशी, मोरी, ओटा आधी साबणाने घासून काढ, कारण घाणीवर क्लोरीन चालत नाही. मग ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती क्लोरीनची टीसीएल पावडर घे, ताजी, उग्र वास असलेली. लिटरभर पाण्यात दीड-दोन चहाचे चमचे कालवून वरचं पाणी फरशीवर ओत आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ओलं राहू दे. मग धू. दारं-खिडक्या उघड्या ठेव, तोंडाला फडकं बांध, आणि संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नकोस, त्याचा विषारी वायू होतो. शहाबादी फरशीवर पांढरे डाग पडतील. पडू देत.

फिनेल मात्र नको. पाण्यात टाकल्यावर पांढरी होणारी दवाखान्याच्या वासाची औषधंही नकोत. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि त्यातली द्रव्यं त्याच्या यकृताला पचत नाहीत. तुमच्याकडे अजून बोका आहे हे विसरू नकोस.

मागच्या अंगणातल्या मातीचं काही करता येत नाही. शेणाने सारवलेली जमीन, वाळूचा ढीग, झाडाखालची भुसभुशीत माती, इथे टीसीएल पोचत नाही. म्हणूनच म्हणते, घर कितीही घासलंस तरी वर्षभर या घरात लस न झालेलं पिल्लू यायला नको.

बोक्याची काळजी फार करू नकोस. गावात मोठं झालेलं मांजर बहुधा लहानपणी या विषाणूतून तरून गेलेलं असतं, आणि एकदा तरलं की संरक्षण दीर्घकाळ टिकतं. तरी त्यालाही लस दे. ती तिहेरी लस असते, यावर आणि मांजराच्या सर्दीच्या दोन विषाणूंवर. रेबीजची वेगळी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सगळा भर गाई-म्हशींवर असतो, म्हणून तडक जाऊ नकोस, आधी फोन करून विचार, “मांजराची लस आहे का, की मागवावी लागेल?” इथे नसेल तर नगरला किंवा संभाजीनगरला मिळेल. आपण दोन्हीच्या मध्ये आहोत, साठेक किलोमीटर इकडे किंवा तिकडे. भाजीची झाकणवाली करंडी, तळाला जुना टॉवेल, वरून फडकं, एवढ्यावर मांजर एसटीने जातं.

घरात कोणी म्हणेल, मांजराला कसली लस? त्यांना २०२२ ची आठवण करून दे. लम्पी आला तेव्हा आपल्या जिल्ह्यात गोठेच्या गोठे हादरले होते. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून घ्यायला माणसं रांगेत उभी होती, एकानेही विचारलं नाही की गाईला कसली लस. तोही विषाणू, हाही विषाणू. गाईमागे दुधाचे पैसे असतात हे मला कळतं. पण ज्या पिल्लाला लेकरू कुशीत घेऊन झोपतं, त्याच्यासाठी वर्षातून एकदा थोडे पैसे काढणं जड नाही, हे मी ठामपणे सांगते.

आता सगळ्याच जुलाबांना पार्वो समजून घाबरूही नकोस. जंत असतात, ते पिल्लांत फारच, आणि डॉक्टरांच्या वजनी मापाच्या औषधाने जातात. रोटा, ॲस्ट्रो, नोरो अशा नावांचे आणखी विषाणू मांजराच्या आतड्यात असतात. ते आजारी मांजरात सापडतात तसे ठणठणीत मांजरातही सापडतात, त्यामुळे प्रत्येक वेळी दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. बरंचसं चार दिवसांत निवळतं. मांजराचा कोरोनाही आहे, आपल्या कोविडचा नव्हे, वेगळाच. जिथे चार-पाच मांजरं एका राखेच्या ढिगावर जातात तिथे तो फिरत राहतो. बहुतेकांना थोडी पातळ शी होते, काहींना तीही नाही. पण थोड्या मांजरांत तो अंगातच रूप बदलतो, आणि मग काही आठवड्यांनी-महिन्यांनी पोट पाण्याने फुगतं, ताप हटत नाही. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर या रोगाने मांजरांची इतकी हानी झाली की तिथल्या सरकारने माणसांच्या कोविडसाठी साठवलेलं औषध मांजरांना द्यायची परवानगी दिली. पूर्वी या आजारातून मांजर उठत नसे. आता औषधं निघाली आहेत, महाग आहेत, पण आहेत. तेव्हा पोट फुगलेलं मांजर दिसलं तर “जंत असतील” म्हणून बसून राहायचं नाही.

मग कधी धावायचं? पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं आहे, एक वेळचं खाणं सोडलंय आणि ओकलंय, एवढं झालं की त्याच दिवशी. हगवणीची वाट बघू नकोस, या आजारात हगवण पुष्कळदा एक-दोन दिवस मागून येते आणि तेवढ्यात वेळ गेलेला असतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड. झटकन बसली तर ठीक, उभीच राहिली तर अंगातलं पाणी आटलंय. हिरड्या बोटाने बघ, ओल्या गुलाबी हव्यात, चिकट पांढरट नकोत. कान-पंजे गार पडले तर ऊब देत ने, बाटलीत कोमट पाणी भरून टॉवेलात गुंडाळायचं. तापलेलं पिल्लू गार पडणं हे बरं होणं नसतं. मनीच्या शेवटच्या सकाळी तू म्हणालीस, “ताप उतरला वाटतं.” मी काही बोलले नाही.

आणि माणसाची गोळी द्यायची नाही. तापाची पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्धी गोळीही मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, रक्त काळवंडतं, श्वास लागतो. माणसाची जुलाब थांबवायची गोळीही आपल्या मनाने द्यायची नाही. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतू नकोस, फुफ्फुसात जातं. शी काढल्यावर हात साबणाने धुवायचे, ते सगळ्यांनीच. हा पार्वो माणसाला होत नाही, पण मांजराच्या शीत दुसरंही काही असू शकतं, आणि तुझ्या वहिनीला दिवस गेलेत. तिला ते काम सांगू नकोस.

मांजरी गाभण असताना या विषाणूच्या तावडीत सापडली तर पिल्लं वेगळी होतात. तिला स्वतःला काही झाल्यासारखं दिसत नाही, पण पोटातल्या पिल्लांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग वाढत नाही. ती डुलत चालतात, वाटीकडे जाताना डोकं हलतं. आपल्याकडे लगेच म्हणतात, बाहेरचं आहे, टाकून द्या. त्यांना दुखत नसतं आणि ते डुलणं वाढतही नाही. जरा सांभाळलं तर अशी मांजरं वर्षानुवर्षं छान जगतात. कधी दिसलं तर माझ्याकडे आण.

एक अजून. मेलेलं मांजर उसाच्या बांधावर किंवा ओढ्यात फेकायची पद्धत सोडायला हवी. आपल्या उसात बिबट्या राहतो, मादी पिल्लंही उसातच घालते. मांजर आणि बिबट्या एकाच कुळातले, हा आजार त्यालाही होतो. बंगळुरूच्या बन्नेरघट्टा उद्यानात २०२३ मध्ये बिबट्याचे सात बछडे याच आजाराने गेले, आणि ते लस दिलेले होते. तुझ्या भावाला सांग, तो मळ्यात असतो, त्याचं ऐकतात.

आता त्या तीन पिल्लांचं. नको म्हणाले, ते आत्ता आणायला. त्यातलं एक तुझंच. आजच ठरव, नाव ठेव. फक्त ते आत्याकडेच, आईजवळ राहू दे. दीड-दोन महिन्यांचं आहे म्हणालीस ना? आठव्या आठवड्यात पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. एकाच टोच्याने का भागत नाही, तर आईच्या पहिल्या दुधातून, गाईच्या बाबतीत आपण चीक म्हणतो त्यातून, पिल्लाला आयतं संरक्षण मिळालेलं असतं आणि ते असेपर्यंत लस लागू होत नाही. ते नेमकं कधी ओसरतं हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून परत परत टोचायचं. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे जाऊ दे, मग खुशाल घेऊन ये. एक वर्षाने पुन्हा एक, पुढचं डॉक्टर सांगतील. आत्याच्या मांजरीलाही दे, ती आता गाभण नसेल तर.

दोन-अडीच महिने लांब वाटतील. मी त्या वेळी दहा दिवसही थांबले नव्हते.

आणि रविवारी तू वस्तीवर जाणार, हे मला ठाऊक आहे, तुला राहवणार नाही. जा. पण धुतलेलं लुगडं नेस, पिशवी नवी घे, आणि या पायातल्या चपला घालून जाऊ नकोस.